गोजराच्या वाट्याची मोळी

सेलूच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, एक धर्मादाय दवाखाना होता आणि त्या दवाखान्याच्या जिन्याखाली एक खोली होती. आधी तिथं फिनेलचे डबे, मोडक्या खाटा आणि एक म्हातारी मांजर असा संसार होता. कस्तुराबाई सिस्टरांनी डॉक्टरांशी वर्षभर भांडून ती खोली तपासणीसाठी मिळवली. मांजरीला मात्र त्यांनी हलवलं नाही. भांडण डॉक्टरांशी होतं, मांजरीशी नव्हतं.

भांडण एवढंच होतं, की ऑपरेशनच्या माणसाला आधी नीट तपासायचं आणि मगच भरती करायचं. त्याआधीची रीत अशी होती, की माणूस सकाळच्या एसटीनं यायचा, आल्या आल्या टेबलावर चढायचा, आणि मग कळायचं की याच्या लघवीत साखर आहे, नाहीतर यानं येता येता बोरीच्या स्टँडवर भजी हाणलीत. 'पोटात काही गेलंय का' असं विचारलं तर तो शपथेवर नाही म्हणायचा. त्याच्या लेखी पोटात जाते ती भाकरी. चहा, भजी आणि तंबाखू यांची गिनती त्यात होत नसे.

कस्तुराबाईंना हे ठाऊक होतं, कारण त्या तिथल्याच, जवळच्या वालूर गावच्या. त्या 'काही खाल्लं का' असं विचारतच नसत. चहा घेतला का, मिसरी लावली का, पान खाल्लं का, असं एकेक विचारत. वयाचंही तसंच. वय विचारलं की बाया हसायच्या, म्हणून त्या विचारायच्या, बहात्तरच्या दुष्काळात तुला लेकरं किती होती? आणि तेवढ्यावरून वय काढायच्या. वजनाचा काटा त्यांनी एका जिनिंगवाल्या शेठजींकडून मागून आणला होता. त्यावर आधी सरकीची पोती चढलेली. त्यावर उभं राहायला बाया लाजायच्या, आणि उतरल्यावर, 'कितीचं पोतं भरलं वो बाई?' म्हणून स्वतःच विचारायच्या.

मग रक्त. बोटाला सुई टोचून थेंब नळीत घ्यायचा, आणि त्यात थेंब थेंब पाणी घालत खिडकीच्या उजेडात त्याचा रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. शिवाय गटासाठी आणि साखरेसाठी दंडातून थोडं काढायचं. पण या सगळ्याच्या आधी कस्तुराबाई माणसाची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघायच्या. नळी नंतर, पापणी आधी.

आणि नेमकं एकदा त्यांनी पापणी बघितली नाही. त्याची ही गोष्ट.

बोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातली गोजरबाई, सुग्रीवची बायको. दोघं नवरा-बायको दरवर्षी दिवाळी झाली की नगरकडच्या साखर कारखान्याला ऊस तोडायला जायचे. तिकडं जोडप्यालाच एक कोयता म्हणतात. बाप्यानं तोडायचं, बाईनं मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गोजराच्या गर्भपिशवीत गाठ झाली होती, आणि तिच्या अंगावरून इतकं जायचं की महिन्यातले थोडेच दिवस तिला कोरडे मिळायचे. पिशवी काढल्याशिवाय हे थांबणार नव्हतं. पण रक्त जाऊन जाऊन अंगात इतकं कमी झालेलं, की पिशवी काढायला हात लावायची सोय नव्हती. डॉक्टर दिनकररावांनी तिला उन्हाळ्यात परत पाठवली, पोळ्याला परत पाठवली. दोन्ही वेळा सांगितलं, रक्त देणारं माणूस आणा. दोन्ही वेळा सुग्रीव नेमका विडी ओढायला बाहेर गेलेला होता.

दसरा झाल्यावर गोजरबाईच्या तिसऱ्या तपासणीचा दिवस आला. नामांतराच्या बंदमुळं आदल्या दिवशी एसटी निघालीच नव्हती, त्यामुळं दोन दिवसांची माणसं एकाच सकाळी जिन्याखाली येऊन बसली होती. पोरं रडत होती, मांजर काट्यावर चढून बसली होती. कपाळाच्या खालपर्यंत पदर ओढलेली एक बाई पुढं आली, तिनं गोजरबाई म्हणून नाव सांगितलं, जुनी चिठ्ठी दिली आणि हात पुढं केला. कस्तुराबाईंनी हात धरला, रक्त घेतलं, रंग जुळवला. साडेदहा. जुन्या चिठ्ठीत रक्ताचा गट 'बी' होता, आताही 'बी'च आला.

"गोळ्या घेतल्या वाटतं नेमानं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं. सांगितलेलं ऐकणारं माणूस त्या खोलीत क्वचित यायचं.

"व्हय बाई," पदराआडून आवाज आला.

ऑपरेशनचा वार गुरुवार. भुलीचे डॉक्टर त्या दिवशी सकाळच्या गाडीनं परभणीहून यायचे. गोजरबाई आदल्या संध्याकाळी भरती झाली होती. कस्तुराबाईंचं काम खरं म्हणजे खोलीतच संपायचं, पण आपण तपासलेलं माणूस आत जाताना एकदा बघायचंच, अशी त्यांना खोड होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दारात त्या उभ्या राहिल्या. ढकलगाडीवर हिरव्या चादरीत गोजरबाई पडलेली. कस्तुराबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीनं अंगठ्यानं खालची पापणी ओढली.

पापणी आतून पांढरी होती, वेचलेल्या कापसासारखी.

त्यांनी दुसरी ओढली. तीही तशीच. मग त्यांनी चिठ्ठी बघितली. साडेदहा. अक्षर त्यांचंच.

"गाडी मागं घे," त्यांनी आयाला सांगितलं.

आतून डॉक्टरांचा आवाज आला. हात धुऊन, हातमोजे घालून ते तयार उभे होते आणि अशा वेळी कुणी थांबवलेलं त्यांना खपत नसे. "काय झालं, कस्तुराबाई? चिठ्ठी तुम्हीच लिहिलीय ना?"

"अक्षर माझं आहे, साहेब. रक्त हिचं नाही."

दिनकरराव मोजे घातलेले हात वर धरून तसेच दाराशी आले, वाकून त्यांनी पापणी बघितली, नखं बघितली, आणि एक लांब श्वास सोडला. "बाहेर काढा हिला," ते म्हणाले. "आणि हे कसं झालं ते मला कळलं पाहिजे."

ते तर कस्तुराबाईंनाच आधी कळायला हवं होतं. रागानं त्यांचे कान तापले होते, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरच होता. गर्दी असेना का, एका माणसाची पापणी ओढायला असा किती वेळ लागतो?

बाहेर व्हरांड्यात सुग्रीव खांबाला टेकून बसला होता. त्याच्याजवळ त्याची थोरली भावजय सारजाबाई उभी होती, हाडापेरानं रुंद, काळीसावळी. कस्तुराबाई कितीकदा चेहरे विसरायच्या, पण शिरा विसरायच्या नाहीत. त्या सरळ सारजाकडं गेल्या.

"हात दाखव."

"कोनचा?"

"तुला ठाऊक हाय कोनचा."

सारजानं उजवा हात पुढं केला. कोपराच्या आतल्या अंगाला जाड शीर, आणि शिरेवर सुईचा निळा डाग.

सुग्रीव उठून उभा राहिला. सारजा मात्र हलली नाही. चोरी पकडल्यावर माणूस जसं खाली बघतं तसंही तिनं बघितलं नाही.

"दोनदा परत पाठवली तुमी हिला," ती म्हणाली. "रक्त कमी हाय, रक्त कमी हाय. माझ्यात हाय तर म्हणलं घ्या मोजून माझं. तिचं काम तर हुन जाईल."

"म्हणून खोटं नाव सांगितलं?"

"खोटं कामून? उसाच्या फडात हिला चक्कर आली की हिच्या वाट्याच्या मोळ्या मीच बांधते. माझी कंबर धरली की ती बांधते. मुकादम इचारतो का, ही मोळी कोणाची हाय म्हणून? त्याला गाडी भरल्याशी मतलब. तसं तुमाला रक्तासंगं मतलब, आसं वाटलं."

कस्तुराबाईंना एकाच वेळी तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उभ्या राहिल्या.

"सारजा, नीट ऐक. पोट उघडल्यावर रक्त जातं. ते हिचं जानार, तुझं न्हाई. हिच्यात जायाला काही हायच न्हाई. आत्ता ही गाडी आत गेली असती तर तुमी हिला झाकूनच नेली असती घरला. कळलं का?"

सारजाचा चेहरा हळूहळू उतरत गेला. ती आतल्या दाराकडं बघत राहिली, मग तिनं पदर तोंडात धरला. "मी मारायले होते का हिला?" तिनं विचारलं. ते कुणाला विचारलं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दिनकरराव हात पुसत बाहेर आले. रागावले नव्हते, पण निकाल देऊन मोकळं व्हायची त्यांची घाई दिसत होती. "घरी न्या. रक्तवाढीची इंजेक्शनं देतो, गोळ्या देतो. दोन महिन्यांनी परत आणा."

"दोन महिन्यांनी ही उसाच्या फडात असेल, साहेब," कस्तुराबाई म्हणाल्या. "अंगावरून जात असताना डोक्यावर मोळी घेऊन. तिथून मी हिला कशी आणू?"

"आठच्या खाली मी हात लावणार नाही. आत्ता हिच्यात सहा तरी असेल का? आणि रक्त कोण देणार? दोनदा सांगून झालं."

डॉक्टरांचं चूक नव्हतं, हे कस्तुराबाईंना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता. त्या सुग्रीवकडं वळल्या. सुग्रीव भिंतीवरची पाल बघत होता. अशा तल्लीनतेनं पाल बघणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

"सुग्रीव."

"बाप्याचं रक्त काढल्यावर कोयता कसा चालंल, बाई?" तो पालीलाच म्हणाला. "आमच्यात कोनी दिलं न्हाई. माणूस वाळत जातंय म्हणत्यात."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, भीती होती. कस्तुराबाई काही बोलणार एवढ्यात सारजा बाकावरून उठली.

"माझं घ्या की," ती म्हणाली. "नळीत घेतलं तसं बाटलीत घ्या. ते तिला देता येतंय का?"

या बाईचा गट तर कस्तुराबाईंना ठाऊक होता. साखर नाही, रक्त साडेदहा, हेही ठाऊक होतं. सगळी तपासणी त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती. तपासणी खरी होती, नाव तेवढं खोटं होतं.

"येतं," त्या म्हणाल्या. "पण एका बाटलीनं भागत न्हाई." आणि डॉक्टरांकडं वळून त्यांनी सांगून टाकलं, "साहेब, पुढच्या गुरुवारी हिला मी आठाच्या वर आणून देते. तोवर हिला घरी पाठवायचं नाही."

"खाट कुठं आहे? हिची खाट दुसऱ्याला दिली, वॉर्ड भरलाय."

"माझ्या खोलीत आहे."

दिनकररावांनी एकदा त्यांच्याकडं बघितलं. ते चांगलं वर्षभर या बाईशी भांडले होते आणि हरले होते. "रक्त जुळतंय का ते मी स्वतः बघणार," एवढं बोलून ते आत गेले.

मग जिन्याखालच्या खोलीत मोडकी खाट विटांवर उभी राहिली आणि गोजरबाई तिच्यावर निजली. डॉक्टरांनी काचपट्टीवर दोघींचं रक्त एकत्र करून बघितलं, थांबून पुन्हा बघितलं आणि मान हलवली. सारजा वजनाच्या काट्याशेजारी बाकावर आडवी झाली. नळीतून रक्त बाटलीत उतरायला लागलं तशी ती मान वळवून बघत होती.

"एवढंच?" बाटली भरल्यावर ती म्हणाली. "मला वाटलं घागरभर घेत्यात."

कस्तुराबाईंनी तिला गूळ-शेंगदाणे खायला लावले, पाणी पाजलं आणि थोडा वेळ उठू दिलं नाही. मग ती उठली, पदर खोचला आणि पहिलं काम काय केलं असेल, तर खोलीचा केर काढला. दारात उभा असलेला सुग्रीव हे सगळं बघत होता. भावजय वाळली नव्हती, पडली नव्हती, उलट त्यालाच 'पाय उचल' म्हणून दटावत होती.

"वैनी, चक्कर न्हाई आली?" त्यानं विचारलं.

"आली आसती तर माझ्या मोळ्या कोन बांधनार हुतं? तू?"

सुग्रीवनं खाटेकडं बघितलं. सारजाची बाटली आता गोजराच्या उशाशी उलटी टांगलेली होती आणि ती त्या थेंबांकडं बघत होती. बोलण्यानं माणूस आत यायचा असता तर केव्हाच आला असता. कस्तुराबाईंनी सुई उकळायला ठेवली आणि बाक पुसून मोकळा केला.

सुग्रीव आत आला आणि सदऱ्याची बाही वर करायला लागला. गुंडी त्याला सुटेना, शेवटी ती सारजानंच काढली. त्याचा गट कुणालाही चालणारा निघाला. रक्त देताना त्यानं डोळे गच्च मिटून घेतले, आणि दर थोड्या वेळानं, 'सपलं का?' असं तो विचारत राहिला.

तो आठवडा कस्तुराबाईंनी गोजराला सोडलं नाही. रोज कमरेत रक्तवाढीचं इंजेक्शन. ते इतकं दुखायचं की गोजरा उशी चावायची. रक्त जाणं आवरायच्या गोळ्या, मेथीची भाजी, खारीक. घरून सारजानं पाठवलेलं बोकडाचं काळीज कस्तुराबाईंनी स्वतः शिजवून घातलं. बाहेर बाकावर नेहमीची तपासणी चालू होती, आणि रांगेतल्या बाया विचारायच्या, ही इथंच राहती का? मांजर गोजराच्या पायाशी निजायला लागली. एका रात्री पुन्हा जास्त जायला लागलं, तेव्हा कस्तुराबाई घरी गेल्याच नाहीत. डॉक्टरांना बोलावलं, गोळी बदलून घेतली आणि पहाटेपर्यंत खाटेपाशी बसून राहिल्या.

"बाई, मला तुमी कामून एवढं करायलाव?" गोजरानं विचारलं. आठवड्यातलं तिचं हे पहिलं लांब वाक्य होतं.

"माझ्या हातानं चुकीचं लिहिलंय तुझ्या चिठ्ठीवर," कस्तुराबाई म्हणाल्या. "ते मला खरं करायचंय. नीज आता."

गुरुवारी सकाळी कस्तुराबाईंनी गोजराच्या बोटातून रक्त घेतलं आणि नळी खिडकीशी धरली. पाणी घातलं, ढवळलं, परत घातलं. रंग जुळला तेव्हा आकडा आठाच्या पुढं सरकलेला होता. थोडाच, पण पुढं. त्यांनी तो लिहिला, आणि तरी ऑपरेशनच्या दारात गाडी थांबवून पापणी ओढलीच. कापसाचा पांढरेपणा गेला होता. आत फिकी, ओली लाली होती. ती लाली अर्धी सारजाची होती आणि अर्धी सुग्रीवची. कस्तुराबाईंनी स्वतःच गाडी आत ढकलली.

ऑपरेशन लांबलं. गाठ मोठी निघाली. सुग्रीव त्या दिवशी विडीला गेला नाही. दुपारी दिनकरराव टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, "जगली. पण कस्तुराबाई, हिनं यंदा ओझं उचलायचं नाही, हे यांच्या कानावर घाला. तुमचं ऐकतात."

ते कानावर घालायचं काम सोपं नव्हतं. बाई नाही म्हणजे सुग्रीवचा कोयता अर्धा. तो हिशोब तो मनातल्या मनात करत असलेला दिसला, तेव्हा सारजानंच तोडलं. "दोघं भाऊ तोडा. दोघांच्या मोळ्या मी बांधीन. गोजरा माहेरी जाईल आन् चैतापर्यंत कळशीसुदिक उचलनार न्हाई."

दिवाळी झाली. गोजराचे टाके निघाले होते, पण डॉक्टरांनी तिला अजून सोडलं नव्हतं. एका सकाळी दवाखान्यासमोर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येऊन थांबला. वर माणसं, भांडी, कोंबड्या, चुलीचे पत्रे. सारजा खाली उतरली, वॉर्डात जाऊन जावेला भेटली आणि तिथून ट्रककडं न जाता जिन्याखालच्या खोलीत आली. रांग मोडून ती सरळ बाकावर बसली.

"माझी बी पापणी बघा," ती म्हणाली. "औंदा दोघींचं काम हाय. पुरेल का बघा."

रांगेतल्या बाया कुरकुरल्या. कस्तुराबाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि चिठ्ठी पुढं ओढली.

"नाव?"

"सारजाबाई," ती म्हणाली आणि हसली. "या खेपेला मपलंच सांगायले."

कस्तुराबाईंनी अंगठ्यानं पापणी ओढली. आतून चांगली लाल होती, फार नाही पण चालण्यासारखी. त्या गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या, कारण त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते आणि मान वर करायची त्यांची तयारी नव्हती. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"पुरेल," त्या म्हणाल्या. कपाटातून गोळ्यांची मोठी पुडी काढून त्यांनी सारजाच्या हातात ठेवली. "रोज एक. जेवल्यावर घ्यायची, चहाबरोबर न्हाई."

सारजानं पुडी पदराच्या गाठीत बांधली आणि ती निघाली. ती दारातून ट्रककडं न वळता पुन्हा वॉर्डाकडं वळलेली कस्तुराबाईंनी बघितली.

"सारजा," त्यांनी मागून हाक मारली. "गोजराला मी वेगळ्या दिल्यात. त्या तुझ्या तूच खायच्या."

सारजा थांबली. गाठीवर धरलेला हात तिनं हळूच काढला, आणि ट्रककडं चालायला लागली.